किण्वन उद्योगाचे जनक चाइम वाइझमन

इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून चाइम वाइझमन सर्वपरिचित आहेत. जीवरासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र ते औद्योगिक किण्वनाचे जनक म्हणून ज्ञात आहेत.

वाइझमन यांचा जन्म 1874 मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील मोतल या गावी झाला. 1899 मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून 1904 मध्ये ते इंग्लंडमधील मँचेस्टर येथे अध्यापनासाठी गेले. कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटानॉल पिष्टमय पदार्थांपासून जीवाणूंद्वारे मिळविण्याचे प्रयत्न तेथे सुरू होते. वाइझमन यांना सापडलेला जीवाणू ब्युटानॉलबरोबर ॲसिटोनही तयार करीत असे. सहा भाग ब्युटानॉल, तीन भाग ॲसिटोन आणि एक भाग अल्कोहोल असे त्याचे साधारण प्रमाण होते.

पहिल्या महायुद्धात हेच दुय्यम ॲसिटोन मोलाचे ठरले. कॉर्डाइट या स्फोटक द्रव्याच्या निर्मितीसाठी ते आवश्यक होते आणि लाकडापासून मिळणारा पुरवठा अपुरा पडत होता. ब्रिटिश नौदल खात्याने लंडनमधील एक जिनचा कारखाना वाइझमन यांच्या प्रयोगांसाठी उपलब्ध करून दिला. प्रयोगशाळेतील चंबूत साधलेले प्रचंड टाक्यांत साधणे सोपे नव्हते. हा जीवाणू हवेशिवायच वाढतो. परके जीवाणू शिरले की संपूर्ण टाकी वाया जाई. त्यामुळे मक्याचे मिश्रण दाबाखाली शिजवून निर्जंतुक करणे आणि टाक्या, नळ, झडपा शुद्ध राखणे, हीच खरी कसोटी होती. मद्यनिर्मितीत एवढ्या काटेकोरपणाची गरज कधी भासली नव्हती.

पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे मका दुर्मिळ झाल्यावर 1917 मध्ये शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करविण्यात आली. ती फारशी उपयोगी पडली नाहीत. उत्पादन कॅनडा आणि अमेरिकेतही सुरू झाले. युद्ध संपताच ॲसिटोनची मागणी घटली आणि आतापर्यंत नकोसे असलेले ब्युटानॉल मोटारींच्या जलद वाळणाऱ्या रंगांसाठी हवेसे झाले. मूळ शोध ब्युटानॉलचाच होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा देणारे 1917 चे बाल्फोर घोषणापत्र ही ॲसिटोनची बक्षिसी होती, अशी आख्यायिका लॉइड जॉर्ज यांच्या आठवणींमुळे रूढ झाली. इतिहासकार ती अतिशयोक्त मानतात. वाइझमन यांचे राजकीय प्रयत्न युद्धापूर्वीपासूनच चालू होते.

1934 मध्ये त्यांनी रेहोवोत येथे संशोधन संस्था स्थापन केली. 1949 मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. 9 नोव्हेंबर 1952 रोजी रेहोवोत येथेच त्यांचे निधन झाले.