नाते गावचे चिंतामणराव आणि वाचनालयातले काका

मी बँकेत होतो तेव्हा माझ्या टेबलावरच्या काचेखाली दोन रुपयांची एक जुनी नोट असे. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली, घडीवर विरलेली. चलनातून ती केव्हाच बाद झाली होती. मी ती जपली होती तिच्यावरच्या सहीसाठी. सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून साऱ्या देशाला ते ठाऊक आहेत. आमच्याकडच्या लोकांना मात्र त्याहून मोठी वाटणारी गोष्ट ही, की महाडहून रायगडाकडे जाताना जे नाते गाव लागतं, तिथे या माणसाचा जन्म झाला.

१९९० नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. माझी बदली पोलादपूर तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. आंबेनळी घाट महाबळेश्वराहून वळणं घेत खाली उतरतो, त्याच्या पायथ्याला आमचं गाव. म्हणजे बदली घरचीच. एके दिवशी दुपारी कॅश बंद व्हायच्या सुमारास एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. खुर्चीत बसायला संकोचत होते. मी ओळखलं आणि उठून उभा राहिलो. ते आमच्या वाचनालयातले काका होते.

आमचे वडील एसटीत कंडक्टर. घरात पुस्तक विकत आणण्याची चाल नव्हती. मी जे काही वाचलं ते ग्रामपंचायतीलगतच्या त्या एका खोलीत. काका दुपारी चारला कुलूप काढत, केर काढत, वर्तमानपत्रं काठीला लावत, आणि मग टेबलाशी बसून फाटलेल्या पुस्तकांना खळ लावत. घाटाखालच्या पावसाची कल्पना ज्यांना आहे त्यांना चार महिने कागद जपणं म्हणजे काय ते सांगायला नको. काका शेगडीजवळ पुस्तकं उभी करून ठेवत, कपाटात कडुनिंबाचा पाला घालत, आणि बुरशीचा वास आला की पुन्हा सगळी बाहेर काढत. दाखल नोंदवहीतलं त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी सातवीत असताना त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पुस्तकांची यादी आज केली, तर माझ्या कादंबऱ्यांचं अर्धं श्रेय तिकडे जाईल. त्यांना पगार किती मिळतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वाचनालय जसं गावात होतं तसे काका वाचनालयात होते, इतकंच.

त्यांना दोन हजार रुपयांचं कर्ज हवं होतं. कारण ऐकून मी जरा चकित झालो. जिल्हा ग्रंथालय संघ ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग चालवतो, तो त्यांना करायचा होता. वर्ग जिल्ह्याच्या गावी. जाण्यायेण्याचा, राहण्याचा, फीचा खर्च. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मी अर्ज पुढे ओढला आणि रकाने भरू लागलो. पगारपत्रक नव्हतं. वाचनालयाच्या अध्यक्षांचा एक दाखला होता, त्यात मानधन असा शब्द होता आणि ते अनुदान आल्यावर दिलं जातं असं प्रांजळपणे लिहिलं होतं. तारण नव्हतं. परतफेडीच्या क्षमतेच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी नियम समजावून सांगितला. काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला, काचेखालची नोट थोडा वेळ निरखली, सही ओळखली, आणि नमस्कार करून गेले. दोन हजार रुपये मी खिशातून देऊ शकलो असतो. त्या दिवशी ते सुचलं नाही आणि पुढे धीर झाला नाही.

त्या नोटेवर सही करणाऱ्या माणसाच्या आयुष्याकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. वडील वकील. बालपण बरंचसं रोह्यात गेलं. पुढची हकिगत आमच्याकडे पोरांना अभ्यासाला बसवताना सांगितली जाते. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज, तिथे वनस्पतिशास्त्रात बक्षीस. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले. नोकरीची पहिली वीस वर्षं मध्यप्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमाबंदीच्या कामानिमित्त ते खेडोपाडी हिंडले. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांमध्ये ते होते. १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि १९४३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जागतिक बँकेची आणि नाणेनिधीची घडी बसली, तिथल्या हिंदी शिष्टमंडळात ते होते. फाळणीनंतर दोन देशांच्या चलनाचे हिशेब वेगळे करण्याचं किचकट कामही याच कारकिर्दीतलं. ज्याच्या टेबलावर असले आकडे, त्या माणसानं मेघदूताचं मराठीत पद्यरूपांतर केलं होतं! आमच्या बँकेतले लोक कविता लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे संशयानं बघत. तेव्हा मी हे उदाहरण तोंडावर फेकत असे.

पण मला त्यांच्यात सर्वांत जास्त लक्षात राहतं ते वेगळंच. हा माणूस जिथे गेला तिथे त्यानं माणसं तयार करण्याची सोय पाहिली. रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि संख्याशास्त्राचा विभाग १९४५ साली त्यांच्या काळात उभा राहिला. ते अर्थमंत्री असताना, १९५४ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं मुंबईत बँक अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढलं. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. एवढ्या शाखा म्हणजे तेवढी शिकवलेली माणसं. हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपदही पुढे त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं. कारकुनानं परीक्षा द्यावी, वेतनवाढ घ्यावी, अधिकारी व्हावं, अशी जी शिडी आम्हा बँकवाल्यांना मिळाली, तिच्या लाकडाला त्या पिढीचे हात लागलेले आहेत. मी स्वतः क्लार्क म्हणून लागलो आणि बँकर्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षांच्या जोरावर वर आलो, म्हणून हे मानतो.

१९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. म्हणजे आमचेच खासदार. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि संसदेत त्याची कारणं स्पष्ट शब्दांत मांडली. त्या राजीनाम्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, की त्यानंतर ते कुठे गेले हे सांगायचं राहूनच जातं. ते गेले विद्यापीठ अनुदान आयोगावर. १९५६ ते १९६१ ते आयोगाचे अध्यक्ष होते. १९५७ ते १९६० या काळात नॅशनल बुक ट्रस्टचं मानद अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

आणि इथे आमच्या काकांचा विषय येतो.

१९५७ साली आयोगानं विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष डॉ. शि. रा. रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांनी भारतात ग्रंथालयशास्त्र उभं केलं, हे बहुतेकांना माहीत आहे. या समितीनं ग्रंथपालाचा दर्जा आणि पगार अध्यापकाच्या बरोबरीचा असावा असं सुचवलं, आणि पुढे आयोगानं ते तत्त्व मानलं. त्या काळच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा वरिष्ठ कारकून समजला जाई. त्या माणसाला प्राध्यापकांच्या खोलीत खुर्ची मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

रंगनाथनांनी माणसांचा हिशेबही मांडला. देवघेवीचं एक फाटक वर्षात १५०० तास उघडं राहणार असेल तर त्यामागे एक माणूस. वर्षाला २००० पुस्तकं नवी येत असतील तर वर्गीकरण आणि तालिकीकरणाला एक माणूस. दिवसाला ५० वाचक असतील तर संदर्भसेवेला एक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, कारण काउंटर किती तास उघडा आणि व्हाउचरं किती, यावर आम्हीही बँकेत माणसं मागत असू. काउंटरमागे बसणाऱ्याला मोजलं तरच तो मंजूर होतो, हे दोन्हीकडे खरं.

समितीच्या हिशेबात तो माणूस मोजला गेला, पण बरोबरीचा लाभ वरच्या पायऱ्यांवर थांबला. ग्रंथपाल अध्यापकांच्या श्रेणीकडे गेला. पुस्तक शोधून आणणारा, परत जागेवर लावणारा, वाचकाशी दिवसभर बोलणारा ग्रंथालय सहायक आणि परिचर शिक्षकेतर या सदरात राहिला. खालच्यानं शिकून वर यावं अशी वाट कागदावर असली तरी अरुंद राहिली. १९६२ मध्ये रंगनाथनांनी बंगलोरला भारतीय सांख्यिकी संस्थेचं प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, आणि त्या संस्थेचे अध्यक्ष त्या वेळी चिंतामणरावच होते. पण ते केंद्र उच्च शिक्षणाचं. घाटाखालच्या काकांसाठी ते नव्हतं.

यात मी चिंतामणरावांना दोष देत नाही. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं हा राज्याचा विषय, आयोगाचा नव्हे. शिवाय एका मराठी राजानं हे फार आधी करून दाखवलं होतं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि १९११ मध्ये ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी शिकवणीचा वर्ग सुरू केला. संस्थानाच्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या, आणि पेटी उघडणारा माणूस शिकलेला हवा हे महाराजांना कळलं होतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली आला. वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, अ, ब, क, ड असे वर्ग पडले. पण कायद्यानं पैसा दिला तो संस्थेला. तिथला माणूस संस्थेचा नोकर, सरकारचा नव्हे. त्यामुळे वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. प्रभा राव समिती झाली, नंतर व्यंकप्पा पत्की समिती झाली. राज्याचा ग्रंथालय संघ आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना दर अधिवेशनात तोच ठराव करतात. अकरा-बारा हजार वाचनालयं आणि त्यांत राबणारी वीस हजारांच्या घरातली माणसं. ड वर्गाच्या वाचनालयाला २०२२ पूर्वी वर्षाला तीस हजार रुपये मिळत. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि माणूस. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. तीस हजारांचे साठ टक्के किती होतात ते वाचकांनी करून पाहावं आणि त्याला बारानं भागावं.

शिकण्याच्या वाटा आता जास्त आहेत, हे कबूल केलं पाहिजे. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, तिथे काम सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. नोकरी करणाऱ्याला घरबसल्या शिकता यावं हा विचार नवा नाही. दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले ते १९६२ मध्ये, चिंतामणराव तिथे कुलगुरू झाले त्याच वर्षी. अडचण वेगळी आहे. आम्हाला बँकेत परीक्षा पास झाल्यावर वेतनवाढ मिळे, म्हणून संसार सांभाळून आम्ही रात्री अभ्यास करत असू. वाचनालयातल्या माणसानं प्रमाणपत्र मिळवलं तर संस्थेची एक अट पुरी होते. त्याच्या हातात पडणारी रक्कम मात्र अनुदानाच्या वर्गावर ठरते. त्यानं कशाच्या भरवशावर कर्ज काढायचं?

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला वारले. १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९७५ चं पद्मविभूषण, मधल्या काळात १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, ज्यात ते तिसरे आले. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही त्यांची लाडकी निर्मिती. पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्ये गेल्या. १९५३ साली दुर्गाबाईंशी विवाह झाला, आणि त्यांच्या हैदराबादच्या घरी शेवटची वर्षं संस्कृताच्या आणि झाडांच्या सोबतीत गेली.

काकांनी तो वर्ग केला नाही. पुढे आठ-दहा वर्षं ते वाचनालय चालवत होते, मग पाय दुखू लागले म्हणून थांबले. निरोपसमारंभ झाला, शाल आणि नारळ मिळाला. त्यांच्या अंत्ययात्रेला मी होतो.

निवृत्तीनंतर मी गावी परत आलो. आता वाचनालयात गावातलीच एक सून बसते. प्रमाणपत्र परीक्षा पास झालेली. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी शिरलं, तालुक्यात दरडी कोसळल्या आणि आंबेनळी घाट बंद पडला, तेव्हा तिनं गळक्या छपराखालची दोन कपाटं रिकामी करून पुस्तकं आपल्या घराच्या माळ्यावर नेली होती. नोंदवही तिनं अजून काकांचीच चालू ठेवली आहे. त्यांचं अक्षर संपतं त्याखाली तिचं सुरू होतं.

गेल्या महिन्यात ती घरी आली. मुक्त विद्यापीठाच्या पदवीसाठी अर्ज करायचा होता, आणि फीसाठी एका पतसंस्थेचा. मी बँकेतला म्हणून माझ्याकडे. आम्ही ओटीवर बसून रकाने भरले. मासिक उत्पन्नापाशी आल्यावर मी पेन थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं. अनुदानाचा दुसरा हप्ता अजून यायचा होता. ती म्हणाली, काका, तेवढं पेन्सिलीनं लिहा. जामीनदाराच्या रकान्यात मी माझं नाव शाईनं लिहिलं.