गीता इंग्रजीत नेणारे चार्ल्स विल्किन्स फॉन्टही बनवायचे!

फोनवर आपण एका टॅपमध्ये फॉन्ट बदलतो. पण पूर्वी प्रत्येक अक्षर धातूत घडवावं लागायचं. आज त्या काळातल्या एका माणसाबद्दल सांगतो.

चार्ल्स विल्किन्स १७७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून बंगालला आले. १७७८ साली हुगळीत हॅलहेड यांचं बंगाली व्याकरण छापलं गेलं, त्याचे बंगाली खिळे विल्किन्स यांनी बनवले. खिळा म्हणजे छपाईचं उलटं अक्षर. पोलादावर अक्षर कोरायचं, तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं ओतायचं. या कामात पंचानन कर्मकार हे बंगाली कारागीर त्यांच्यासोबत होते.

पुढे विल्किन्स काशीला पंडितांकडे संस्कृत शिकले. १७८५ मध्ये लंडनला त्यांची भगवद्गीता निघाली. संस्कृतातून थेट इंग्रजीत आलेली ही पहिली गीता! तिच्यावरून फ्रेंच भाषांतर झालं. अमेरिकेत थोरो यांनी वॉल्डन तळ्याकाठी राहताना हीच वाचली. पाश्चात्त्यांची ही ओढ आज ध्यानाच्या ॲपपर्यंत पोचलीय. तिची एक सुरुवात मला इथे दिसते.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी देवनागरी खिळे पाडले. १७९५ मध्ये घराला आग लागली, तरी १८०८ मध्ये त्यांचं संस्कृत व्याकरण आलंच.

इकडे पंचानन यांनी बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यात देवनागरी खिळे घडवले. तिथूनच १८०५ मध्ये विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण निघालं. विल्किन्स यांना 'सर' किताब मिळाला. पंचानन यांचं नाव मात्र रोज देवनागरीत टाइप करणाऱ्या आपल्यालाही माहीत नसतं. मला हे खटकतं.