ग्रह कोणाला म्हणावे? : विल्यम हर्शेल



आम्ही शाळेत होतो तेव्हा पुस्तकात नऊ ग्रह होते, आज तुमच्या पुस्तकात आठ आहेत. प्लूटोचा काय दोष होता, असे मुले मला नेहमी विचारतात. याचे उत्तर विल्यम हर्शेल यांच्या जीवनात सापडते.

हर्शेल यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1738 रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. विल्यमही वादक झाले आणि 1757 साली इंग्लंडला गेले. पुढे बाथ या गावी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, शिकवण्या करीत आणि रात्री तारे पाहत. मोठी दुर्बीण विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून ते स्वतः धातूचे आरसे घासू लागले. एकदा सलग 16 तास हात थांबला नाही. बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवीत असे.

13 मार्च 1781 च्या रात्री त्यांना एक वेगळा तारा दिसला. दुर्बिणीची शक्ती वाढवताच त्याची तबकडी मोठी दिसू लागली. इतर तारे तसे वाढत नव्हते. काही दिवसांत तो जागेवरून सरकलाही. हर्शेल यांनी तो धूमकेतू असल्याचे कळविले. पण त्याला शेपूट नव्हते. लेक्सेल यांनी गणित केले तेव्हा त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आणि शनीच्याही खूप पलीकडे निघाली. म्हणजे तो ग्रह होता, युरेनस! हर्शेल यांनी आपला पहिला अंदाज सोडून दिला.

पुढे 1801 मध्ये पियाझी यांना सेरेस आणि 1802 मध्ये ओल्बर्स यांना पॅलस सापडला. दोन्ही मंगळ आणि गुरू यांच्यामधले. सर्वांनी त्यांना ग्रह म्हटले. हर्शेल यांनी मात्र मोजमाप करून सांगितले की हे फार लहान आहेत, एकाच पट्ट्यात फिरतात, आणि पॅलसची कक्षा फारच कललेली आहे. त्यांनी 'अ‍ॅस्टेरॉइड' हे नाव सुचविले. आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. स्वतःच्या शोधाचा मान टिकविण्यासाठी ते असे करतात, अशी टीका झाली. त्यांचे मोजमापही चुकले होते, सेरेस त्याहून पुष्कळ मोठा आहे. पण विचार बरोबर ठरला. असे गोल डझनांनी सापडू लागल्यावर, 1850 च्या सुमारास, ते ग्रहांच्या यादीतून निघाले. हे पाहायला हर्शेल नव्हते, 25 ऑगस्ट 1822 रोजी त्यांचे निधन झाले होते.

प्लूटोचेही तसेच झाले. त्याच्या आसपास त्याच्यासारखे अनेक गोल सापडले, तेव्हा 2006 मध्ये प्राग येथे नियम ठरला: ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, तो गोल असावा आणि कक्षेच्या परिसरात त्याचेच वर्चस्व असावे. तिसऱ्या अटीत प्लूटो आणि सेरेस दोघेही बसले नाहीत. ते आता बटुग्रह आहेत.

मुलांनो, यात प्लूटोचा दोष नाही आणि अपमानही नाही. नवे पुरावे आले की जुने उत्तर खोडून नवे लिहावे लागते. तुमच्या वहीतही खाडाखोड झाली तर लाजू नका.