पोलिओग्रस्त मुलांना पायांवर उभे करणाऱ्या फातेमा इस्माइल

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात फिजिओथेरपी हा शब्द आता अनोळखी राहिलेला नाही. मोटारसायकलवरून पडून मोडलेले हाड सांधले, पण गुडघा आखडला. अर्धांगवायूनंतर हात वर जाईना. मणक्याच्या दुखण्याने वाकता येईना, अशा रुग्णांना डॉक्टर व्यायामोपचाराची चिठ्ठी लिहून देतात. आठ दशकांपूर्वी अशी चिठ्ठी लिहिली असती तरी ती घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न मुरुडलाच नव्हे, मुंबईलाही पडला असता. शल्यचिकित्सक होते, इस्पितळे होती, हाडवैद्यही होते. परंतु शस्त्रक्रिया आणि औषधे संपल्यानंतर रुग्णाला पुन्हा चालायला शिकवणारी माणसे देशात जवळजवळ नव्हती. ती तयार व्हावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत फातेमा इस्माइल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या डॉक्टर नव्हत्या. पोलिओने अधू झालेल्या एका मुलीची आई, हीच या क्षेत्रातील त्यांची पहिली ओळख.

फातेमाबाईंचा जन्म १९०३ मध्ये मुंबईतील सोबानी या धनाढ्य घराण्यात झाला. हाजी युसुफ सोबानी हे त्यांचे वडील. बंधू उमर सोबानी गिरणीमालक असूनही होमरूल चळवळीत आणि पुढे असहकाराच्या आंदोलनात उतरले. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी झाली, ती जागा उमर सोबानींचीच. धनिक वर्गातील माणसाने हे करावे, याची किंमत मोजावी लागणार होतीच. कापसाच्या व्यवहारात उमर यांना जबर खोट आली आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने व्हिएन्नाला गेलेल्या फातेमाबाईंनाही घरच्या या पडझडीमुळे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. डॉक्टर होण्याचे राहून गेले ते कायमचेच.

पुढे सरकारी सेवेतील हाशम इस्माइल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीनिमित्त त्या परदेशात राहिल्या, परतल्यावर अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात रमल्या. प्रौढ साक्षरता, गरीब स्त्रियांना रोजगार अशी त्या काळच्या सुशिक्षित स्त्रिया करीत तशीच ती कामे होती. घरात मुले होती, समाजात मान होता. आयुष्य असेच गेले असते तर महिला परिषदेच्या जुन्या अहवालांत एक नाव, एवढीच त्यांची नोंद उरली असती.

१९४५ च्या सुमारास त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला ताप आला आणि तो ओसरला तेव्हा तिचे अंग लुळे पडलेले होते.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. पेशी मेली की तिच्या ताब्यातील स्नायू ढिला पडतो. संवेदना मात्र शाबूत राहते, त्यामुळे मुलाला वेदना पुरेपूर जाणवते. आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत स्नायू अतिशय दुखरे असतात, त्यांना पेटके येतात. त्यानंतर सुरू होते ते खरे नुकसान. एका बाजूचा स्नायू दुर्बळ आणि विरुद्ध बाजूचा सशक्त राहिला की सांधा सशक्त बाजूला ओढला जातो. टाच वर उचलली जाते, गुडघा वाकडा होतो, पाठीचा कणा एका अंगाला कलतो. मूल वाढत जाते तसे हे व्यंगही त्याच्याबरोबर वाढते. म्हणजे विषाणू जेवढे हिरावून नेतो, त्याहून कितीतरी अधिक उपचारांअभावी जाते. हा दुसरा तोटा टाळता येतो. पण त्यासाठी इंजेक्शन नाही की गोळी नाही. उलट, तापाच्या दिवसांत दंडात किंवा मांडीत टोचलेल्या सुईमुळे त्याच अवयवाचा लुळेपणा वाढण्याचा धोका असतो, हे वैद्यकशास्त्राने नंतर दाखवून दिले. तापलेल्या मुलाला सुई टोचून घेण्याची आपल्याकडील घाई पाहता अशी किती मुले अधिक पांगळी झाली असतील, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

त्या वेळी प्रचलित उपचार म्हणजे लुळा अवयव फळ्या किंवा प्लास्टर बांधून महिनोन् महिने निश्चल ठेवणे. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी या पद्धतीला आव्हान दिले होते. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या घड्यांनी दुखरे स्नायू शेकावेत, पेटके कमी होताच सांधे हलक्या हाताने हलवावेत आणि मुलाला आपला स्नायू ओळखून तो पुन्हा वापरायला शिकवावे, हा त्यांचा मार्ग. अनेक नामवंत डॉक्टरांनी त्यांना धुडकावले. तरीही १९४० च्या दशकात अमेरिकेत हा मार्ग झपाट्याने पसरला. आधुनिक फिजिओथेरपीच्या जडणघडणीत पोलिओचा वाटा एवढा मोठा आहे तो याच कारणाने. महायुद्धातील जखमी सैनिक आणि पोलिओची मुले, या दोन गटांनी जगाला पुनर्वसनाचे शास्त्र उभारायला भाग पाडले.

भारतात मात्र याची वार्ताही थोड्यांनाच होती. फातेमाबाई लेकीला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवू लागल्या. मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे अशा मुलांवर चांगले उपचार होतात असे कळताच त्यांनी मद्रास गाठले. तेथे अनेक महिने मुलीवर उपचार झाले. त्यानंतर पुणे. पुण्याची निवड साहजिक होती. पहिल्या महायुद्धापासून अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरी संस्था खडकीत होती आणि कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये तेथे सुरू झालेले होते. लष्कराच्या पुनर्वसन केंद्रात जायबंदी जवानांना मालिश, व्यायाम, आधार घेऊन चालण्याचा सराव असे उपचार मिळत. जवानांसाठी असलेली ही विद्या एका लहान मुलीच्या कामी आली. ती हळूहळू उभी राहिली, चालू लागली.

बहुतेक घरांत येथे कथा संपते. देवाचे आभार मानले जातात, नवस फेडला जातो. फातेमाबाईंना मात्र मद्रास आणि पुण्याच्या वाऱ्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. आपली मुलगी चालली, कारण आपल्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या आणि महिनोन् महिने परगावी राहण्याची सवड होती. यांपैकी काहीच नसलेल्या आईच्या मुलाने काय करायचे?

त्या काळातील मुरुडच्या एखाद्या मुलाचा विचार करून पाहावा. गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लातूरला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास १९८२ साल उजाडायचे होते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ पासून लातूरपर्यंत येत होती. तिने कुर्डुवाडी गाठायची, तेथे मोठ्या रुळांची गाडी धरायची आणि लुळे पोर कडेवर घेऊन मुंबईला उतरायचे. एवढे करून पदरी पडणार काय? एकदा तपासून, पुन्हा घेऊन या, असा निरोप. या उपचारात तर एकदा जाऊन काहीच साधत नाही, तो रोज करावा लागतो.

फातेमाबाईंनी मुंबईत पोलिओ दवाखान्याचा ध्यास घेतला तेव्हा प्रतिसाद थंड होता. बालमृत्यू, क्षय, हिवताप यांनी ग्रासलेल्या देशात पांगळ्या मुलांच्या व्यायामासाठी पैसा घालावा, हे अनेकांना चैनीचे वाटे. त्यांच्या मदतीला धावले ते मुंबईचे विख्यात शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा. त्यांनी चौपाटीवरील आपल्या दवाखान्याची जागा दिली आणि १९४७ मध्ये तेथे पोलिओच्या मुलांवर उपचार सुरू झाले. पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनाची संस्था, अर्थात सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन, ही त्याच वर्षीची. दवाखान्याची वार्ता कानोकानी पसरली, जागा अपुरी पडू लागली. मग मरीन लाइन्सला महायुद्धाच्या काळातील लष्करी इस्पितळाच्या बराकी होत्या, त्या मिळवण्यासाठी फातेमाबाईंनी सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले आणि त्या मिळवल्या. फाळणीच्या धामधुमीत सरकारला दुसरी शंभर कामे असताना हे जमवणे म्हणजे चिकाटीची कसोटीच होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी हाजीअलीजवळ मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

इमारतीपेक्षा अवघड प्रश्न माणसांचा होता. स्नायूंची ताकद मोजणारे, प्रत्येक मुलासाठी व्यायाम ठरवणारे, समांतर दांड्यांच्या आधाराने त्याला पहिले पाऊल टाकायला लावणारे प्रशिक्षित हात आणायचे कोठून? परदेशातून तज्ज्ञ बोलावून एक दवाखाना चालेल, देश चालणार नाही. मुंबई या बाबतीत भाग्यवान ठरली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा सुरू केली होती. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी, विष्णू निंबकरांशी विवाह करून १९३० मध्ये भारतात आलेल्या. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे आहे. त्याच के. ई. एम.मध्ये १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, मुंबई सरकार आणि महापालिका यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओच्या मुलांचा प्रश्न वेशीवर टांगून सरकारला आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना इकडे वळवण्यात फातेमाबाईंच्या खटपटीचा वाटा मोठा होता. सगळे श्रेय एकट्या त्यांना देणे मात्र इतर अनेकांवर अन्यायाचे होईल.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर त्यांच्या लक्षात आणखी एक अडचण आली होती. कुबड्या आणि कॅलिपर घेऊन चालू लागलेले मूल मोठे होते, मग त्याला नोकरी कोण देणार? पायावर उभे राहणे या वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत आणि वैद्यकाने साधतो तो पहिलाच. दुसऱ्यासाठी त्यांनी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही संस्था उभारली. अपंग प्रौढांना काम शिकवून त्यांना तेथेच रोजगार देणाऱ्या कार्यशाळा तिने चालवल्या. दयेपोटी मिळालेल्या भिकेपेक्षा कष्टाचा पगार बरा, ही त्यामागची धारणा. आज अशा वेगळ्या कार्यशाळांपेक्षा सर्वांबरोबर एकाच कचेरीत काम मिळावे, यावर अपंगांच्या चळवळीचा भर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या काळात पायऱ्या चढता न येणाऱ्याला कचेरीचे दारच बंद होते, त्या काळात ही सोय लहान नव्हती.

१९७८ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली आणि १९८४ पर्यंत त्या सदस्य होत्या. आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष १९८१ याच मुदतीत आले. अपंगांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास मात्र १९९५ उजाडले. तो पाहायला फातेमाबाई नव्हत्या. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या हयातीच्या अखेरीसही देशात दरवर्षी लाखांच्या घरात मुले पोलिओने पांगळी होत होती. साल्क यांची लस १९५५ पासून उपलब्ध असूनही ही स्थिती होती, याचा दोष विषाणूला देता येत नाही. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

ज्या आजारासाठी ही विद्या आपल्याकडे रुजली तो गेला, विद्या मात्र राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. ढिगाऱ्यांतून काढलेल्या जखमींत हातपाय मोडलेले होते, मणक्याला इजा झालेलेही होते. प्लास्टर निघाल्यानंतर आखडलेले सांधे मोकळे करण्याचे, बसायला आणि उभे राहायला शिकवण्याचे काम पुढे बराच काळ लागणार होते.

हाजीअलीच्या संस्थेच्या जागेवर २०१७ मध्ये नवे बालरुग्णालय सुरू झाले. नावातील क्रिपल्ड हा शब्द आता कानाला टोचतो, म्हणून आद्याक्षरेच अधिक वापरली जातात. बार्शी लाइटचे अरुंद रूळही उखडले गेले. मुरुडवरून आता मोठ्या रुळांची गाडी धावते. आखडलेल्या गुडघ्यासाठी मुरुडच्या रुग्णाला ती पकडून मुंबईला जाण्याची गरज उरलेली नाही. रोज वीस मिनिटे व्यायाम करायचा, तो चुकवायचा नाही, एवढे मात्र अजूनही त्याला स्वतःच करावे लागते आणि लहान मूल असेल तर त्याच्या आईला.