संयुक्त खातं

उभा जन्म बँकेत गेला. त्यामुळे एक खोड जडली आहे. कुणाच्या नावावर मोठी जमा दिसली, की ती रक्कम कुठून आली, हे मी पाहतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं चरित्र वाचतानाही तेच झालं.

१८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या अण्णांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यांच्याच मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढताना साठवलेले हजार रुपये त्यांनी तिला देऊन टाकले. विम्याची पॉलिसीही पुढे तिच्याच नावे केली. १९०० पासून आश्रम हिंगण्याच्या माळावर होता. कॉलेज आटोपून अण्णा पायी तिकडे जात.

इकडे घरात मुलं वाढत होती. गोदूबाई, म्हणजे बाया, यांच्या जिवाला घोर लागला. त्या चिडल्या, रडल्या. मग सुईणपण शिकून त्यांनी स्वतः चार पैसे मिळवले. पुढे त्याच आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९५८ मध्ये, शंभरी गाठलेल्या अण्णांना भारतरत्न मिळालं. ते पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० मध्येच गेल्या होत्या.

अण्णांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पण हे खातं दोघांचं होतं. दुसरी सही आपण नीट वाचलीच नाही, एवढंच.