वाल्देमार हाफकिन

वाल्देमार हाफकिन (१५ मार्च, १८६० - २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताना १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. या रोगाला तोंड देण्याची कोणतीही तयारी शहरात नव्हती. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी जागा आणि मोजके मदतनीस एवढ्या सामग्रीवर त्यांनी कामाला आरंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू जोमाने वाढत. नंतर उष्णता देऊन ते मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली व त्यांच्यात रोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले.

सरकारने मात्र १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण आरंभले. त्यातून उसळलेला असंतोष पुण्यात रँड यांच्या हत्येपर्यंत गेला.

ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. साथ आल्यावर धावाधाव करण्याऐवजी लस सतत तयार करीत राहण्याची सोय तेथे झाली, आणि मुंबईची लस देशभर जाऊ लागली.

मुलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांची लस एकाच बाटलीतील होती. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वास्तविक, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे साक्षीपुराव्यातच नमूद होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाठपुरावा केल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. तरीही मुंबईचे पद त्यांना परत मिळाले नाही. उरलेली नोकरी त्यांनी कलकत्त्यात केली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.