श्रद्धा, आशा आणि पंडिता रमाबाई

श्रद्धा म्हणजे विचारल्यावांचून मान्य करणें आणि आशा म्हणजे पुढें बरें होईल अशी मनाची समजूत घालणें, असा या दोन शब्दांचा अर्थ आपल्या समाजांत रूढ झाला आहे. त्यामुळें सुशिक्षितास पहिला शब्द भोळेपणाचा वाटतो, तर व्यवहारी मनुष्यास दुसरा आळसाचा वाटतो. ख्रिस्ती धर्मग्रंथांत मात्र यांचा अर्थ याहून कठीण आहे. नव्या करारांत श्रद्धेसाठीं जो ग्रीक शब्द येतो, त्यांत विश्वास ठेवणें आणि विश्वासास जागणें हे दोन्ही अर्थ आहेत; आणि आशेस तेथें जहाजाच्या नांगराची उपमा दिली आहे. नांगर वादळ थांबवीत नाहीं. तो वादळांत जहाज वाहून जाऊं देत नाहीं, इतकेंच. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको कीं, हुंडी स्वीकारणें म्हणजे तिच्या अक्षराचें कौतुक करणें नव्हे; एकदां स्वीकारली कीं मुदतीस पैसे मोजावे लागतात. या अर्थानें श्रद्धा व आशा कशा पाळल्या जातात हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीस दिलें. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरत असे. होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत आणि अनुष्ठानांत संपलें, आणि मग दुष्काळानें गांठलें. थोड्याच काळांत वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीच्या त्या दिवसांत गेलीं. उरलेलीं दोघें, रमाबाई आणि बंधु श्रीनिवास, पायीं देश हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. या प्रवासांत जुन्या व्रतांवरील आणि दैवतांवरील त्यांचा विश्वास ढळून गेला होता. ज्या बाई पुढें श्रद्धेसाठीं जगभर ओळखल्या गेल्या, त्यांचा आरंभ असा श्रद्धा गमावण्यापासून झाला, हें विसरतां कामा नये.

कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशीं जातीबाहेरचा विवाह केला. १८८२ च्या आरंभीं पटकीनें तेहि गेले. पदरीं तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथें मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर म्हणजे बुद्धि गहाण टाकणें, असें मानणारांनीं यापुढील भाग लक्षांत घ्यावा. ज्या अँग्लिकन भगिनींनीं त्यांस आश्रय दिला, त्यांच्याशींच रमाबाईंनीं चर्चच्या अधिकाराविषयीं आणि त्रैक्याच्या तत्त्वाविषयीं पत्रांतून निकरानें वाद केला. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें उतरवून दुसऱ्याचें मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. आणि १८९१ च्या सुमारास त्यांस उमगलें कीं, इतकीं वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. सिद्धांत पटणें निराळें, आणि त्या सिद्धांतामागें जो आहे त्याच्यावर आपला सारा भार टाकणें निराळें. या दुसऱ्यासच त्या श्रद्धा म्हणूं लागल्या.

तत्पूर्वीं अमेरिकेंत व्याख्यानें देऊन आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करून त्यांनीं तेथील लोकांकडून दहा वर्षांच्या साहाय्याचें वचन मिळविलें होतें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास गेलें. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनांत शिकल्या. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेस कांहीं मुली बसतात यावरून १८९३ सालीं वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळींतून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. सदन धर्माविषयीं तटस्थ राहील या वचनाचा त्यांत भंग झाला, असें टीकाकारांचें म्हणणें होतें. कोणावर सक्ती नाहीं आणि आपलें दार आपण लावून घेणार नाहीं, असें बाईंचें. या वादांत टीकाकारांची शंका सर्वस्वीं निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मुली परत नेल्या गेल्या त्यांच्या शिक्षणाचें पुढें काय, हा प्रश्न त्या गदारोळांत फार थोड्यांनीं विचारला.

१८९६–९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. आपल्या आईबापांस ज्यानें नेलें, तोच काळ त्यांनीं तेथें दुसऱ्यांच्या मुलींच्या डोळ्यांत पाहिला, आणि शेंकडों मुली त्या घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळें पुण्यांत त्यांस ठेवतां येईना, म्हणून केडगांवच्या शेतावर मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. ठराविक उत्पन्न नव्हतें. शेतीवर आणि येईल त्या देणगीवर उद्यांचें अन्न अवलंबून असे. तरी विणकाम, छपाई, शेतकाम या मुलींस शिकविलें गेलें. अंधांस ब्रेल लिपि शिकविली गेली. हीच त्यांची आशा होय. जी मुलगी आज अन्नावांचून उभी राहूं शकत नाहीं, ती उद्यां छापखान्यांत खिळे जुळवील असें धरून चालणें, आणि तोंवर तिला रोज जेवूं घालणें.

उत्तरायुष्यांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल साध्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. तें मुक्तींतील स्त्रियांनींच छापलें. १९२१ सालीं एकुलती एक मनोरमा गेली. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचा अंत झाला, आणि समग्र ग्रंथ बाहेर पडला तो त्यांच्या पश्चात्, १९२४ सालीं.

त्यांचा धर्म आमच्या सर्व वाचकांनीं स्वीकारावा असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतूहि नाहीं. परंतु आपण देणगी देतों ती बहुधा फळ आधीं पाहून, आणि मदत करतों ती घेणारा आपल्या मताचा आहे अशी खात्री करून. हा सौदा सुरक्षित खरा, पण त्यास श्रद्धा हें नांव शोभत नाहीं. भाऊ, पति, मुलगी, मित्र आणि लोकमत, एकामागून एक आधार सुटत असतां ज्या बाईनें अनाथांचें ताट रिकामें राहूं दिलें नाहीं, तिनें आपली हुंडी पुरी फेडली. केडगांवची संस्था आजहि चालू आहे. आपल्या नांवावरील हुंडीची मुदत केव्हां भरते, हें आतां ज्याचें त्यानें पाहावें.